पाटीखालचं मीठ

सगळे त्याला साहेब म्हणायचे. आमचे हेही म्हणायचे. त्या दिवसांत मला त्याच्याशी तोंडाने बोलायची वेळ आली असती तर मीही तेच म्हटलं असतं. पण वहीत मला कोणी अडवत नाही, तेव्हा इथे मी त्याला 'तो'च म्हणणार आहे.

त्याच्या कमरेला सुतळीने बांधलेलं एक लोहचुंबक लोंबायचं. घोड्याच्या नालेसारखं, रंग उडालेलं. कुठेही गेला की आधी ते लावून बघायचा. दाराच्या कडीला, विळ्याला, कोणाच्या घरी चहा प्यायला गेला तर स्टोव्हला. चिकटलं की तोंड वाकडं करायचा. "लोखंड. आज ना उद्या रडणार." नवा गडी कामाला आला की त्याच्या छातीपाशी चुंबक धरायचा आणि म्हणायचा, "चिकटतोय रे, चिकटतोय! गंजणार हा." गडी बिचारा सदऱ्याची बटणं चाचपत बसायचा.

माणसांची त्याने धातूंत वाटणी केली होती. माझ्याबरोबर कामाला असलेली जामसरची जानकी म्हणजे बीड, ओतीव लोखंड. जड, खरबरीत आणि आपटली तर तुटेल. आमचे हे म्हणजे कच्चं लोखंड. कारखान्याचे मालक शेठ म्हणजे पितळ, पण हे म्हणायचा ते शेठ नाशिकला परत गेल्यावर. मला तो शिसं म्हणायचा. "भट्टीवाल्याची बायको शिसं आहे. वाजवून बघा, आवाज नाही." आणि स्वतः कोण, हे तर सांगायलाच नको. आमच्या त्या सगळ्या डोंगरात स्टेनलेस दोनच होते. एक तो, आणि दुसरा कारखान्यातला हंडा.

कारखाना म्हणायचा म्हणून म्हणायचा. मोखाड्याच्या अलीकडे ओढ्याच्या काठाला पत्र्याची एक लांब शेड होती. तिथे खैराचा कात व्हायचा. सूर्यमाळच्या बाजूने खैराची लाकडं यायची, त्यांच्या ढलप्या काढून पाण्यात उकळायच्या, तो लाल रस आटवायचा, थंड करायचा आणि घट्ट झाला की वड्या कापून सावलीत वाळवायच्या. वड्या कापायचं काम आम्हां बायकांचं. हे भट्टीवर असायचे. जव्हार संस्थानात हे शिपाई होते. संस्थान विलीन झालं तेव्हा पुष्कळांना मुंबई सरकारने ठेवून घेतलं, यांना नाही घेतलं. मग शेठनी ही शेड टाकली आणि भट्टीचं काम, वर शेडमागची खोली मिळाली. आमची दोन मुलं त्या खोलीत चालायला शिकली. ती खोली गेली असती तर आम्हांला परत जायला घर नव्हतं, एवढं लक्षात ठेवलं म्हणजे पुढचं समजेल.

भट्टी आणि बॉयलरवर यांच्या वरचा साहेब म्हणजे तो, आणि तोही संस्थानातलाच. राजवाड्यावर वीज करायचं यंत्र होतं, त्याच्यावर तो मेकॅनिक होता. विलीनीकरणानंतर नोकरी गेली, पण दरबारी कोट गेला नाही. पितळी बटणांचा, काळा, बंद गळ्याचा. वैशाखात ओढा आटला, आम्ही बायका एकेका हंड्यासाठी झऱ्यापाशी वाटी घेऊन बसायचो, तेव्हाही हा गळ्यापर्यंत बटणं लावून बॉयलरसमोर उभा. घाम कोटाच्या बाहीतून ठिबकायचा. कोणी म्हणालं, "साहेब, काढा की तो," तर म्हणायचा, "संस्थान गेलं, आता कोटही काढू? मग तुमच्यात आणि माझ्यात उरलं काय?" काही उरलं नसतं हे खरंच होतं.

हंड्याची गोष्ट अशी. लोखंडी भांड्यात कात उकळला की तो काळा पडतो. मडकी फुटतात. तांब्याच्या कढया होत्या, पण त्या लहान. मग शेठनी लढाईतून उरलेल्या सामानाच्या लिलावात मुंबईला एक भला मोठा हंडा घेतला. जहाजावर शेकडो लोकांचं जेवण शिजवायचा होता म्हणे. दुहेरी भिंतीचा. बॉयलरची वाफ एका नळीने यायची आणि त्या दोन भिंतींच्या मधे फिरायची, म्हणजे आतला रस जळायचा नाही. स्टेनलेस स्टीलचा. हा शब्द आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकला. लॉरीतून तो उतरवला तेव्हा जामसरच्या बायका त्यात तोंड बघायला रांग लावून उभ्या राहिल्या. जानकी म्हणाली, "आगं बाय, माझे दात येवढे पिवळे हायत होय!"

त्याने हंड्याला चुंबक लावलं. चुंबक पडलं. परत लावलं, परत पडलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी स्वतः पाहिलं. बायको वारली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं असं जव्हारचे लोक सांगतात.

"याला मरण नाही," तो म्हणाला. "लोखंड मरतं, तांबं मरतं, संस्थानं मरतात. स्टेनलेसला मरण नाही."

त्या दिवसापासून त्याने काम करायचं सोडलं आणि हंड्याची राखण सुरू केली. आम्ही घासायला गेलो की मागे उभा. राखेने घासायचं नाही. नारळाच्या शेंडीने घासायचं नाही. मग कशाने घासू, तर मऊ फडक्याने, आणि तेही त्याच्या देखरेखीखाली, वरून खाली. कोणी पाहुणा हंडा बघायला आला आणि "वा, काय लखलखतोय" म्हणाला की याचा चेहरा उतरायचा. तालुक्याचे एक अंमलदार येऊन असंच काही बोलून गेले आणि दुसऱ्या दिवशी झाकणापाशी थोडी वाफ फुसफुसली. रबराची चकती जुनी झाली होती, दुसरं काही नव्हतं. यांनी ती बदलली आणि वाफ थांबली. पण त्याने ठरवलं ते ठरवलं.

अमावास्या होती. त्याने मला बोलावलं नाही. मला बोलावत नसत, कारण मी परक्या पुरुषाशी बोलत नसे. लहानपणापासूनची खोड, समोर पुरुष आला की माझी जीभ टाळूला चिकटायची आणि मी पदर कपाळाखाली ओढून पाठ करून उभी राहायची. काही सांगायचं तर जानकीमार्फत. मी हळू बोलायची आणि जानकी ते डोंगरापलीकडे ऐकू जाईल असं परत बोलायची. त्यानेही जानकीलाच हाक मारली.

"बीड, भट्टीवाल्याच्या बायकोला सांग. खडेमीठ, मोहऱ्या आणि सात सुक्या मिरच्या फडक्यात बांधायच्या. हंड्यावरून ओवाळायच्या. आणि पुरचुंडी या इथे बांधायची." जिथे वाफेची नळी हंड्याच्या पोटाला जोडलेली होती तो सांधा त्याने दाखवला. "दर अमावास्येला बदलायची. लेकुरवाळीच्या हाताने."

जानकी हसली. "सायेब, म्हंजे दिष्ट काढायची!"

"दृष्ट?" तो ताठ झाला. "मी यंत्राचा माणूस. हे शास्त्र आहे. मीठ ओल ओढून घेतं. सांधा कोरडा राहतो."

"आनि मोहरी?"

"मोहरीत तेल असतं. वंगण."

"आनि मिरची?"

"उंदीर येत नाहीत."

"मग अमोश्याला का? उंदरांना पंचांग कळतं व्हय?"

"बीड," तो म्हणाला, "तू ढलप्या आवर."

मी मात्र जानकीला हळूच म्हटलं, "मीठ कोणी धातूला बांधतं का? माझी आजी मीठ मडक्यात ठेवायची, आई चिनी मातीच्या बरणीत. पितळेच्या डब्यात ठेवलं तर आई हातावर मारायची." जानकीने ते तसंच्या तसं ओरडून सांगितलं, आजीसकट.

त्याने वर पाहिलंसुद्धा नाही. "तुझ्या आजीकडे स्टेनलेस होतं का? शिसं बोलायला लागलं की समजावं, कलियुग आलं."

मी बांधलं. यांची नोकरी त्याच्या हाताखाली होती. पुढे दर अमावास्येला मी जुनी पुरचुंडी सोडायची आणि नवी बांधायची. वरच्या पत्र्यावर वाफ लागून थेंब पडायचे ते नेमके तिच्यावर. मीठ ओल ओढून घ्यायचं हे खरं, पण घेतलेली ओल ते तिथेच धरून बसायचं. पुरचुंडी कधी कोरडी मिळालीच नाही. गरम आणि चिकट, ठेच लागलेल्या अंगठ्यावरच्या चिंधीसारखी. चौथ्या-पाचव्या खेपेला तिच्याखाली तांबूस ओघळ दिसला. मी जानकीला दाखवला. जानकीने त्याला सांगितलं.

"मिरचीचा रंग उतरला," तो म्हणाला. आणि ओघळ स्वतःच्या रुमालाने पुसून टाकला.

पाटीची हकीकत याच सुमाराची. हंड्याच्या पोटावर नाव हवं असं त्याला वाटू लागलं. शेठचं नव्हे, स्वतःचं. जव्हारहून त्याने पितळेची एक पाटी कोरून आणली. तिच्यावर त्याचं नाव, खाली 'दरबारी मेकॅनिक', आणि त्याखाली 'स्टेनलेस'. ही शेवटची ओळ हंड्याबद्दल होती की त्याच्याबद्दल, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. हंड्याच्या बाहेरच्या भिंतीला त्याने ती आधी राळेने चिकटवली. पण तेवढ्याने त्याचं समाधान होईना. "कोणी काढून नेली तर?" म्हणाला. कोण नेणार होतं? आमच्यात त्याचं नाव वाचता येणारी माणसं चार, आणि ती चारही त्याला ओळखत होती.

राजवाड्यावर पाण्याचे बिडाचे नळ जोडताना तो एक लेप वापरायचा. लोखंडाचा कीस आणि नवसागर पाण्यात कालवायचं. नवसागर म्हणजे कल्हईवाला भांड्यात टाकतो आणि धूर निघतो ते, मिठाचाच भाऊ. हा लेप सांध्यात भरला की लोखंडाचा कीस गंजून फुगतो आणि सांधा असा धरतो की छिन्नीशिवाय सुटत नाही. बिडाला ते चांगलं असेल. जुने मिस्त्री सगळे करायचे. याने तोच लेप जानकीच्या वाडग्यात कालवला आणि पाटीच्या पाठीला फासून ती हंड्यावर बसवली. "आता ही माझ्याबरोबरच निघेल," म्हणाला. वाडगं त्याने परत दिलं नाही. जानकीने ते कधी विसरलं नाही.

म्हणजे जो हंडा गंजत नाही म्हणूनच आणला होता, त्याला याने गंज मुद्दाम तयार करून चिकटवला, वर स्वतःचं नाव लावलं आणि दुसऱ्या बाजूला मीठ बांधलं. आणि आम्हाला राखेने घासू देत नव्हता.

दीडेक वर्ष हंडा चालला. कात उत्तम पडायचा. मग एके सकाळी रस चढवला होता, मी वड्या कापत होते, आणि साप फुत्कारावा तसा आवाज आला. पुरचुंडीचं फडकं थरथरत होतं. त्याच्या आडून वाफेची पांढरी सुरी बाहेर आली होती. यांनी धावत जाऊन वाफ बंद केली. मनगट भाजलं, ते व्रण शेवटपर्यंत होते. तो शेडच्या दुसऱ्या टोकाला, दाराबाहेर उभा होता. आवाज थांबल्यावर आत आला.

हंडा निवल्यावर मी पुरचुंडी सोडली. खाली सांध्यापाशी बारीक बारीक खड्डे होते, देवीच्या व्रणांसारखे, आणि त्यांतून केसासारख्या काळ्या रेषा फुटल्या होत्या. एकीला दोन फाटे, दोनांना चार. वाळलेल्या पिंपळपानाच्या शिरा दिसतात तशा. सगळ्या पुरचुंडीच्या जागेत. तिच्या एक बोट बाहेर हंडा आरशासारखा स्वच्छ. पाटीच्या कडेनेही एक तसलाच केस डोकावत होता. मी जानकीला बोट लावून दाखवला. तिने तोंडावर हात ठेवला. हे मी तिला आयुष्यात एकदाच करताना पाहिलं.

चौथ्या दिवशी शेठ लॉरीने आले. मोठ्या आवाजाचा पण विचार करणारा माणूस. हंड्यापाशी उभे राहिले, खालून वरून पाहिलं.

"कसं झालं हे?"

त्याने कोट नीट केला. "शेठ, स्टेनलेस आपोआप फुटत नाही. माणसं फोडतात. भट्टीवाल्याने भट्टी भडकवली. वाफ जास्त झाली. मी नव्हतो त्या वेळी."

हे म्हणाले, "काटा लाल रेघेपर्यंत कधी नेला नाही साहेब."

"मग फुटला कसा?" शेठनी विचारलं.

हे खरं बोलणारे, पण तेवढंच. आपल्या बाजूने दुसरं वाक्य कधी यांना सुचायचं नाही. भाजलेलं मनगट धरून खाली बघत उभे राहिले. आणि खाली बघणारा माणूस दोषी दिसतो.

शेठ म्हणाले, "तुम्ही दुसरं काम बघा. आठवड्यात खोली मोकळी करा."

मी वड्यांच्या फळ्यांमागे उभी होते. मुलं ओढ्यावर खेळत होती, त्यांचा आवाज येत होता. जानकी शेजारी होती.

"जानके," मी म्हटलं, "शेठना विचार, वाफ जास्त झाली की शिट्टी आपोआप वाजते ना?"

जानकीने विचारलं. सगळी शेड वळली.

"वाजते," शेठ म्हणाले.

"विचार, वाजली का."

"वाजली का?" जानकी गरजली, आणि उत्तरही तिनेच दिलं. "नाय वाजली! आमी सगळ्या हिथंच व्हतो."

शेठनी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "बायकांना काय कळतं शिट्टीतलं."

"जानके, विचार साहेबांना, फुटला त्या जागी काय बांधलेलं होतं, आणि कोणी बांधायला सांगितलं होतं."

हे विचारताना जानकीने कमरेवर हात ठेवले.

आणि तो हसला. मला ते हसू अजून दिसतं. "शेठ, बघितलंत? आता कळलं! भट्टीवाल्याची बायको माझ्या यंत्राला मीठमिरच्या बांधत होती. अमावास्येला! मी यंत्राचा माणूस, मी असल्या पुरचुंड्या बांधायला सांगेन? अडाणी बायकांची बुद्धी. नवऱ्याने जाळलं नसेल तर बायकोने मारलं. घर एकच आहे."

हे माझ्याकडे बघायला लागले. तो आम्हा बायकांना काय सांगत असे ते यांनी कधी ऐकलंच नव्हतं. हे बॉयलरच्या मागे असायचे. त्या एका क्षणात मी आमची खोली घालवली होती. खरं सांगून घालवली होती.

मला वाटतं, तो खोटं बोलला नसता तर मी तिथेच गप्प बसले असते. यांची नोकरी गेली असती, आम्ही पोशेऱ्याला नणंदेच्या दारात जाऊन राहिलो असतो, आणि मी कोणाला काही सांगितलं नसतं. पण तो हसला.

"जानके," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "शेठना सांग, ती पाटी काढून बघा."

"पाटीला हात लावायचा नाही!" तो ओरडला. जानकीने सांगायच्या आधीच ओरडला. म्हणजे शिशाचा आवाज ऐकू येत होता म्हणायचा.

"का हो?" शेठ म्हणाले. "पाटीचं काय?" आणि यांना म्हणाले, "काढा."

यांनी छिन्नी लावली. तीन घाव घालावे लागले. पाटी सुटली ती पाठीला तांबडा-काळा चिखल घेऊन. खाली, तिच्याच आकाराचा चौकोन, कोपरे धरून. आणि त्या चौकोनात तेच खड्डे, त्याच पिंपळाच्या शिरा. चौकोनाबाहेर हंड्यात शेठचं तोंड दिसत होतं.

"हिच्याखाली कोनी मीठ बांधलं व्हतं?" जानकीने विचारलं. हे मी सांगितलं नव्हतं. हे तिचं तिने. "माझ्या वाडग्यात नवसागर कालवलानस तू. वाडगं कुठाय माझं?"

शेठ खड्ड्यांवरून बोट फिरवत राहिले. एकदा इथे, एकदा सांध्यापाशी. मग म्हणाले, "उघडं ते सगळं ठीक आहे. झाकलं तेवढंच सडलंय." ते आमच्यापैकी कोणाला म्हणाले नाहीत, पण मी ते विसरले नाही.

त्याने अजून हार मानली नव्हती. "शेठ," तो एकदम खालच्या आवाजात म्हणाला, "मला पहिल्या दिवसापासून शंका होती. हे स्टेनलेस नाहीच. तुम्हाला लिलावात फसवलं."

"व्हय?" जानकी म्हणाली. पुढे झाली, त्याच्या कमरेचं चुंबक सुतळीसकट ओढलं आणि हंड्यावर टेकवून सोडलं. ते लोंबून परत त्याच्या मांडीवर आपटलं.

"पडलं," तिने मला सांगितलं, जणू मला दिसत नव्हतं.

शेठ हसले नाहीत. माफी मागतील असं कोणाला वाटलं असेल तर तेही नाही. यांना एवढंच म्हणाले, "तांब्याच्या कढया काढा. भट्टी पेटवा." त्यात नोकरी, खोली, सगळं आलं. मी मागच्या मागे खोलीत गेले, दार लावलं आणि मडक्यातलं मीठ काढून परत मडक्यात भरलं. हातांना काहीतरी करायला हवं होतं.

हंडा नाशिकला नेऊन वेल्डिंग करून आणला. तो वेल्डिंगच्या शेजारी परत फुटला. मग त्यात गार पाणी साठवायला लागले, आणि त्याला तो अजूनही बरा होता. पाटी निघाली त्या रात्री जेवताना यांनी मला विचारलं, "तुला हे सगळं माहीत होतं, तर मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "तुम्ही विचारलं नाहीत." त्यानंतर हे मला विचारायला लागले.

तो पावसाळ्यापर्यंत राहिला आणि मग गेला. पाटी कोटाच्या आतल्या खिशात घालून नेली. कोणालाच वाईट वाटलं नाही, त्याला मात्र वाटलं असावं की सगळ्यांना वाटतंय, कारण जाताना म्हणाला, "रडू नका."

पुढे बऱ्याच वर्षांनी जव्हारच्या बाजारात स्टीलची भांडी यायला लागली. मी एकदा मुलीच्या लग्नाचं काही घ्यायला भांड्यांच्या दुकानात गेले. जानकी नव्हती, तिची भाताची लावणी चालू होती. दुकानात स्टुलावर तो बसला होता. कोट तोच; एक बटण गेलेलं. दुकानदाराने त्याला गिऱ्हाईक पटवायला ठेवलं असावं. बायकांसमोर तो डब्याला चुंबक लावत होता, चुंबक पडत होतं, बायका "अय्या" म्हणत होत्या.

"मरण नाही याला, बाई. मिठालासुद्धा घ्या. माझ्या हाताखाली एक मोठा हंडा होता. स्वतः फुटला नाही, एका भट्टीवाल्याच्या अडाणी बायकोने मारला. दृष्ट काढायला मीठ बांधायची त्याला, दर अमावास्येला! मी किती सांगितलं. पण बाई म्हणजे शिसं होती नुसती."

बायका हसल्या. एक म्हणाली, "अगंबाई, कसल्या एकेक असतात!"

तो माझ्याकडेही बघून हसला. त्याने मला ओळखलं नाही. कसं ओळखणार? दीड-दोन वर्षं त्याने माझी पाठ आणि पदर पाहिला होता, आणि आवाज ऐकला तो फळ्यांच्या आडून.

मी पदर मागे सारला. मध्ये कोणीच नव्हतं, कोणाला सांगून बोलायची सोय नव्हती.

"आणि पाटीखाली कोणी बांधलं होतं?" मी म्हटलं.

त्याचा चुंबकाचा हात डब्यावर राहिला. "काय म्हणालात?"

"पाटीखाली. नवसागर. जानकीच्या वाडग्यातलं."

बायका माझ्याकडे बघायला लागल्या, मग त्याच्याकडे. दुकानदार म्हणाला, "कसली पाटी हो?" तो स्टुलावरून अर्धा उठला. माझ्या चेहऱ्यात काहीतरी शोधत राहिला, आणि शोधता शोधता त्याचा हात आपोआप कोटाकडे गेला, आतल्या खिशावर. तिथे काहीतरी चौकोनी होतं. त्याने कोट त्याच्यावर घट्ट ओढून धरला.

"तुम्ही कोण?" त्याने विचारलं.

"शिसं," मी म्हटलं, आणि दुकानदाराला चिनी मातीची बरणी दाखवायला सांगितली.